नॅरोगेज रेल्वे: आपली कोणती छोटी गाडी उरली, कोणती गेली आणि गावाला आता काय जपता येईल?

मुर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, कारंजा, दारव्हा, पाचोरा, जामनेर. या तालुक्यांत पारावर रेल्वेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "आपली छोटी गाडी परत सुरू होणार का?" कुणी म्हणतं ब्रॉडगेज होणार, कुणी म्हणतं रूळ उखडून नेणार, कुणी म्हणतं पर्यटनाची गाडी सुरू करणार. व्हॉट्सअॅपवर जुने फोटो फिरतात, त्याखाली हळहळ व्यक्त होते आणि विषय तिथंच थांबतो.

या गाड्या कुणी बांधल्या, कशासाठी बांधल्या, बंद का झाल्या, जगात अशा गाड्या लोकांनी कशा वाचवल्या आणि आपल्या गावपातळीवर काय करता येईल, याची माहिती इथं एका ठिकाणी दिली आहे. लेख मोठा आहे. सेव्ह करून ठेवा, ग्रामसभेत उपयोगी पडेल.

थोडक्यात

- माथेरानची गाडी सुरू आहे. आपल्या राज्यात प्रवाशांना आजही बसता येते अशी ती नॅरोगेज गाडी.
- मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर ही बार्शी लाईट रेल्वे पूर्ण ब्रॉडगेज झाली.
- यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर (शकुंतला) बंद आहे.
- पाचोरा–जामनेर २०२० च्या लॉकडाऊनपासून बंद आहे. तिथं ब्रॉडगेज करून लाइन बोदवडपर्यंत नेण्याला मंजुरी मिळाली आहे.
- नागपूर–छिंदवाडा २०१५ मध्ये आणि नागपूर–नागभीड २०१९ मध्ये गेजबदलासाठी बंद झाल्या.

नॅरोगेज म्हणजे नेमकं काय?

दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. मुंबई–नागपूर मेन लाइनला हे अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ब्रॉडगेज म्हणतात. मीटरगेज म्हणजे बरोबर एक मीटर. त्याहून कमी अंतर असेल तर नॅरोगेज.

आपल्याकडे नॅरोगेजचे दोन प्रकार चालले. एक अडीच फुटांचा (७६२ मिलिमीटर): बार्शी, शकुंतला, पाचोरा–जामनेर आणि नागपूरकडच्या लाइनी याच मापाच्या. दुसरा दोन फुटांचा (६१० मिलिमीटर): माथेरानची गाडी या मापाची. म्हणून माथेरानचा डबा शकुंतलेच्या रुळावर चालत नाही.

भारतात या छोट्या गाड्यांची सुरुवात मराठा संस्थानांनी केली, हे फार जणांना माहीत नसतं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या काळात १८६२ मध्ये डभोई–मियागाम ही नॅरोगेज लाइन सुरू झाली. रूळ हलके होते, म्हणून सुरुवातीला डबे चक्क बैल ओढायचे. पुढं तिथं इंजिन आलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही स्वतःची दोन फुटी रेल्वे उभी केली. त्यातली ग्वाल्हेर–श्योपूर ही जवळपास २०० किलोमीटरची लाइन २०२० पर्यंत चालत होती.

एवढी अरुंद लाइन का बांधली?

साधं कारण: पैसा. गेज कमी असलं की जमीन कमी लागते, भराव कमी लागतो, पूल लहान होतात, वळणं आखूड घेता येतात आणि रूळ हलके चालतात. मेन लाइनपासून पन्नास-शंभर किलोमीटर आत असलेल्या कापसाच्या किंवा गळिताच्या बाजारपेठेला जोडायचं तर ब्रॉडगेजचा खर्च कंपन्यांना परवडत नव्हता. मग छोटी लाइन टाकायची आणि माल मेन लाइनच्या जंक्शनवर आणून सोडायचा, असा तो हिशेब.

तोटाही त्याच हिशेबात होता. जंक्शनवर प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ छोट्या वॅगनमधून उतरवून मोठ्या वॅगनमध्ये चढवावी लागायची. हमाली वाढायची, वेळ जायचा, मालाची नासधूस व्हायची. रस्ते आणि ट्रक आले तसा हा तोटा अंगावर येऊ लागला. शेताच्या बांधावरून थेट बाजारात जाणाऱ्या ट्रकपुढं दोनदा चढउतार करणारी गाडी कशी टिकणार?

बार्शी लाईट रेल्वे: जगभर नाव झालेली आपली लाइन

परदेशातल्या रेल्वेप्रेमींना महाराष्ट्रातलं एखादं गाव माहीत असेल तर ते बार्शी असण्याची शक्यता बरीच आहे. कारण एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. त्याने बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी टाऊन ही अडीच फुटी लाइन उभी केली आणि ती १८९७ मध्ये सुरू झाली.

कॅलथ्रॉपची कल्पना सोपी होती. हलक्या रुळावर जड गाडी चालवायची तर वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटायचं. त्याने ठरवलं की इंजिन असो की वॅगन, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो वजनाचा रूळ पुरला. आजच्या मेन लाइनचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो, म्हणजे चौपट जड. एवढ्या हलक्या रुळावर बार्शीच्या वॅगनी त्या काळच्या मानाने भरपूर माल नेत. छोटी रेल्वे म्हणजे खेळण्यातली गाडी नव्हे, हे बार्शीने दाखवून दिलं.

ही लाइन टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली. कापूस आणि गळिताचा माल हा एक आधार, तर दुसरा मोठा आधार पंढरीचे वारकरी. आषाढी-कार्तिकीला गाड्या खचाखच भरून जायच्या. १९५४ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली.

पुढं गेजबदल झाला. कुर्डुवाडी–पंढरपूर टप्पा २००१ च्या सुमारास, लातूर ते कुर्डुवाडी २००७-०८ मध्ये आणि पंढरपूर–मिरज २०१०-११ मध्ये ब्रॉडगेज झाला. गेजबदल करताना मार्गही बदलला. जुनी छोटी लाइन धाराशिव शहराला बगल देऊन जायची. नवी लाइन शहराला जोडली गेली.

यात नुकसान झालं की फायदा? फायद्याचं एकच उदाहरण पुरे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा मिरजेहून 'जलदूत' पाणीगाडी लातूरला आली. पहिल्या गाडीला दहा टँकर वॅगन होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. नंतर पन्नास वॅगनींची गाडी येऊ लागली. ती गाडी मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर याच मार्गाने आली. छोटी लाइन राहिली असती तर एवढं पाणी एका गाडीत येणं शक्य नव्हतं. आज लातूरला रेल्वेडब्यांचा कारखाना उभा आहे, तोही ब्रॉडगेजमुळेच.

म्हणून "जुनं ते सोनं, छोटी गाडीच हवी" असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पण बार्शीकडून दुसराही धडा घ्यायला हवा. एवढी नावाजलेली लाइन आपल्याकडे होती, तरी तिच्यावरून गेलेल्या पिढीच्या आठवणी, तिकिटं, फोटो, स्टेशनांवरच्या वस्तू यांचा नीट संग्रह करायचं गेजबदलाच्या घाईत राहून गेलं. नव्या लाइनचं स्वागत करताना जुन्या लाइनची नोंद ठेवायला फार खर्च आला नसता.

शकुंतला: बंद पडलेली, पण लोकांच्या तोंडून न गेलेली

यवतमाळ–मुर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मुर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर. दोन्ही मिळून १८९ किलोमीटरची ही लाइन यवतमाळ, वाशीम, अकोला आणि अमरावती या चार जिल्ह्यांतून जाते. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट ही तिच्यावरची ओळखीची नावं. मधोमध मुर्तिजापूर, म्हणजे मुंबई–हावडा मेन लाइनवरचं जंक्शन.

किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मेन लाइनवर आणण्यासाठी ही लाइन टाकली. तिथून कापूस मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांना जायचा. वर्धा जिल्ह्यातली पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची लाइनही याच कंपनीची.

या लाइनची सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे मालकी. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, पण ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालवायची रेल्वेने आणि कराराप्रमाणे मोबदला द्यायचा कंपनीला, अशी व्यवस्था पुढची कित्येक दशकं चालली. "इंग्रजांची शेवटची रेल्वे" असं लोक म्हणतात ते यामुळे. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची. मग दुरुस्तीवर मोठा पैसा घालायचा कुणी? या अडचणीमुळे लाइन खिळखिळी होत गेली, वेग कमी झाला आणि प्रवासी एसटी आणि काळीपिवळीकडे वळले.

मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाइनवर होतं. १५ एप्रिल १९९४ ला त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. सत्तर वर्षं एका इंजिनाने एका भागाची सेवा केली. शेवटच्या वर्षांत मोजकीच माणसं अनेक कामं सांभाळायची. तिकीट देणारा, सिग्नल दाखवणारा आणि इंजिन जोडणारा माणूस कधी कधी एकच असे.

२०१६ मध्ये रेल्वे मंत्रालयाने या मार्गाच्या ब्रॉडगेजची घोषणा केली. पुढं ब्रॉडगेज राहिलं बाजूला आणि छोटी गाडीही थांबली. आधी यवतमाळ बाजू, मग अचलपूर बाजू. ज्या गावांना एसटीची फेरीही नीट मिळत नव्हती, त्यांचा स्वस्त प्रवास गेला. बाजाराला भाजी नेणारी बाई, कॉलेजला जाणारा पोरगा, दवाखान्यात निघालेले आजोबा यांना त्या गाडीचा हेरिटेजपणा कधी महत्त्वाचा वाटला नाही. त्यांना दहा-वीस रुपयांत पोचायचं होतं. ही बाजू विसरून शकुंतलेवर कौतुकाचे लेख लिहिणं बरं नाही.

पाचोरा–जामनेर आणि नागपूरकडच्या लाइनी

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची लाइन पहिल्या महायुद्धाच्या शेवटी-शेवटी सुरू झाली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे सगळ्या गाड्या थांबल्या, तशी हीसुद्धा थांबली आणि पुन्हा निघालीच नाही. आता ही लाइन ब्रॉडगेज करून जामनेरपुढं बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प आहे. तो पूर्ण झाला तर जामनेर तालुका दोन्ही बाजूंनी मेन लाइनला जोडला जाईल. गरज खरी आहे, यात वाद नाही.

नागपूर हे तर नॅरोगेजचं मोठं ठाणं होतं. बंगाल नागपूर रेल्वेच्या सातपुड्यातल्या लाइनी इथून छिंदवाड्याकडे आणि गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे जायच्या. जंगल, कोळसा, तेंदूपत्ता, संत्री असा सगळा माल या लाइनींनी वाहिला. आता या सगळ्या ब्रॉडगेज झाल्या आहेत किंवा होत आहेत. जमेची बाजू अशी की नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं. जुनी इंजिनं, डबे, कंदील, टोकन यंत्रं तिथं पाहायला मिळतात. शाळेची सहल काढायची तर चांगली जागा आहे.

माथेरान का टिकली?

नेरळ–माथेरान ही सुमारे २१ किलोमीटरची लाइन २२ मार्च १९०७ ला सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ पासून काम करून घेतलं. खर्च आला १६ लाख रुपये. म्हणजे ही लाइन भारतीय माणसाच्या पैशातून आणि मेहनतीतून उभी राहिली. चढ इतका की काही ठिकाणी वीस फूट पुढं गेलं की गाडी एक फूट वर जाते. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान ही तिची स्टेशनं.

या लाइनवर संकटं कमी आली नाहीत. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि २००७ मध्ये गाडी परत सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्याने बंद झाली आणि २०१८ मध्ये परतली. २०१९ च्या पावसात पुन्हा मोठं नुकसान झालं आणि नेरळहून पूर्ण गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली. दरवेळी ती परत आली, कारण तिच्यावर एका गावाचं पोट आहे. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने हॉटेलवाला, घोडेवाला, हमाल, चिक्कीवाला सगळेच गाडीच्या पाठीशी उभे राहतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीतही तिचं नाव आहे.

यातून एक गोष्ट दिसते. गाडी चालू ठेवली तर आपल्या घरात चार पैसे येतात, असं स्थानिकांना दिसलं की ती टिकते. नुसतं जुनी आहे म्हणून कुणी टिकवत नाही.

दुसरीकडे लोकांनी काय केलं?

*बिलीमोरा–वघई (गुजरात):* ६३ किलोमीटरची ही गायकवाडांची लाइन डांग जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या शेजारी आहे. डिसेंबर २०२० मध्ये तोट्याचं कारण देऊन ती आणि आणखी काही नॅरोगेज लाइनी कायमच्या बंद करायचं ठरलं होतं. स्थानिकांनी विरोध केला. निर्णय मागं घेतला गेला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. नेहमीच्या डब्यांसोबत पर्यटकांसाठी एक एसी डबाही लावला.

*दार्जिलिंग, निलगिरी, कालका–शिमला:* या तीन डोंगरी रेल्वे अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. निलगिरीची लाइन मीटरगेज आहे, बाकी दोन नॅरोगेज. रेल्वेने वारसा मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या ३५ गाड्या आणण्याची योजना जाहीर केली आहे. त्यात या मार्गांसोबत माथेरानचंही नाव घेतलं गेलं आहे.

*टॅलिलिन (वेल्स, ब्रिटन):* दगडी पाट्या वाहणारी ही छोटी लाइन १९५० मध्ये मालकाच्या निधनानंतर बंद पडण्याच्या बेतात होती. काही लोकांनी संस्था काढली आणि १९५१ पासून स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. सुट्टीच्या दिवशी कुणी तिकीट फाडतो, कुणी गवत काढतो, कुणी इंजिनात कोळसा टाकतो. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून तिचं नाव घेतात, आणि ती आजही चालते.

*मॅनिफोल्ड खोरं (इंग्लंड):* ही गोष्ट बार्शीकरांसाठी खास. बार्शीची लाइन बांधणाऱ्या कॅलथ्रॉपनेच बार्शीचा अनुभव वापरून ही अडीच फुटी लाइन उभी केली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. रूळ काढले, पण जमीन मोकळी सोडली नाही. १९३७ मध्ये त्याच मार्गावर चालायची वाट केली. आज लोक तिथं पायी आणि सायकलने फिरायला येतात. गाडी गेली तरी मार्ग गावाच्या उपयोगाला राहिला.

ब्रॉडगेज की वारसा, यातलं एकच निवडायचं का?

मुळीच नाही. जिथं मोठी लोकसंख्या आहे, बाजारपेठ आहे, मुलांना शिकायला आणि कामाला बाहेर जावं लागतं, तिथं ब्रॉडगेज हवीच. पण त्याच प्रकल्पात वारशासाठी थोडी जागा ठेवायला काय हरकत आहे? मागणी करता येण्याजोग्या चार गोष्टी:

१. जुनं स्टेशन पाडू नये. नवी इमारत शेजारी बांधावी. जुन्या खोल्यांत वाचनालय, बचतगटाचं विक्री केंद्र किंवा छोटं संग्रहालय चालू शकतं.

२. एक इंजिन, एक डबा गावात ठेवावा. भंगारात विकण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी स्टेशनसमोर मांडावा, वर पत्र्याचं छप्पर घालावं. उघड्यावर ठेवलेलं लोखंड पावसाने खातं, हेही मागणीत लिहावं.

३. नवी लाइन वेगळ्या मार्गाने गेली तर जुन्या मार्गाचा उपयोग ठरवावा. पायवाट, सायकल ट्रॅक, झाडांची रांग किंवा पाच-दहा किलोमीटरची पर्यटनाची गाडी. काहीच ठरलं नाही तर अतिक्रमण होतं आणि दहा वर्षांनी मार्ग नकाशावरच उरतो.

४. जुने पूल आणि मोऱ्या तपासाव्यात. दगडी बांधकामाचे पूल मजबूत असतील तर ते पाडण्याऐवजी पायी रस्त्याला वापरावेत.

पर्यटनाच्या गाडीबद्दल मात्र हिशेब नीट करायला हवा. माथेरानला मुंबई-पुणे जवळ आहे. शकुंतलेला तसं मोठं शहर शेजारी नाही. पण अचलपूरजवळ चिखलदरा आणि मेळघाट आहे, कारंजा हे दत्तभक्तांचं आणि जैन समाजाचं महत्त्वाचं ठिकाण आहे. तिथं येणारा माणूस अर्ध्या दिवसाच्या गाडीला वेळ देईल का, याचा अभ्यास आधी व्हावा, घोषणा नंतर.

गावाने आजपासून काय करायचं?

*आठवणी रेकॉर्ड करा.* वाफेचं इंजिन चालवलेले, गँगमध्ये काम केलेले, स्टेशनावर हमाली केलेले लोक आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यासोबत ही माहितीही जाणार आहे. मोबाइल आडवा धरा, पंखा बंद करा आणि आजोबा-आजींना बोलू द्या. सुरुवातीला नाव, गाव, जन्मसाल आणि काम विचारा. मग गाडीची वेळ, भाडं, कोणता माल जायचा, पावसाळ्यात काय व्हायचं, अपघात झाला का, सणाला गर्दी किती, असं एकेक विचारत जा.

*फोटो काढताना नोंद ठेवा.* स्टेशनाची पाटी, मैलाचा दगड, रुळावर कोरलेलं कंपनीचं नाव आणि साल, पाण्याची टाकी, सिग्नलचा खांब. प्रत्येक फोटोसोबत तारीख आणि जागा लिहा. दहा वर्षांनी नोंद नसलेला फोटो कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.

*घरातली कागदं फेकू नका.* जुनं पुठ्ठ्याचं तिकीट, पास, मालाची पावती, वडिलांचं नोकरीचं कार्ड. मूळ कागद घरीच ठेवा, स्वच्छ फोटो काढून शाळेत किंवा वाचनालयात द्या.

*ग्रामसभेत ठराव घ्या.* "स्टेशन इमारत जतन करावी", "इंजिन तालुक्याला मिळावं" असा एका वाक्यात स्पष्ट ठराव लिहा. एकाच लाइनवरच्या वीस-पंचवीस गावांनी सारखा ठराव घेऊन खासदारांना आणि रेल्वेला पाठवला, तर एका गावाच्या निवेदनापेक्षा त्याचं वजन जास्त पडतं.

*माहिती अधिकार वापरा.* शकुंतला आणि पाचोरा–जामनेर भुसावळ विभागात येतात, पुलगाव–आर्वी मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आणि कुर्डुवाडीची बाजू सोलापूर विभागात. केंद्राच्या कार्यालयासाठी अर्जाची फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. ऑनलाइनही अर्ज करता येतो. साधारण ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. प्रश्न मोघम नको, नेमके विचारा:

- या मार्गाच्या गेजबदलाची मंजुरी कोणत्या तारखेची आहे? चालू वर्षात किती निधी दिला?
- आमच्या स्टेशनची जुनी इमारत पाडायचं ठरलं आहे का?
- या मार्गावरची इंजिनं आणि डबे आज कुठे आहेत? भंगारात काढले असल्यास यादी द्यावी.

हे मात्र करू नका

बंद लाइनचा रूळ, फिशप्लेट, लोखंडी स्लीपर "पडूनच आहे" म्हणून घरी आणू नका. रेल्वे मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भंगारवाल्याने दाखवलेल्या चार पैशांसाठी पोरांना या भानगडीत पडू देऊ नका. चालू लाइनवर रीलसाठी उभं राहणं तर जिवाशी खेळ आहे, आणि रेल्वे कायद्याने गुन्हाही आहे. जुन्या पुलावर चढून फोटो काढतानाही काळजी घ्या, कठडे नसतात आणि लाकडी स्लीपर कुजलेले असतात.

शेवटी एवढंच

छोटी गाडी परत येईल की नाही, हा निर्णय दिल्ली-मुंबईत होईल. ब्रॉडगेजचा पाठपुरावा आपण करतच राहू, तो केलाच पाहिजे. पण स्टेशनमागच्या वस्तीतल्या निवृत्त गँगमन काकांचं बोलणं रेकॉर्ड करायला कुणाची मंजुरी लागत नाही, निधीही लागत नाही. या रविवारी त्यांच्याकडे जाऊन या. जाताना मोबाइल चार्ज करून न्या, कारण ते एकदा बोलायला लागले की दोन तास तरी थांबणार नाहीत.